नवं पिल्लू आणलंय? आधी वास, मग भेट

सोसायटीच्या पार्किंगमधून मांजराचं पिल्लू वर आणलं की घरातली जुनी मांजर फिस्कारते, खाणं सोडते, कधी गादीवर शू करते. बहुतेक वेळा आपणच पहिल्या दिवशी दोघींना समोरासमोर बसवलेलं असतं.

आमच्याकडे कामी आला तो जुना सुती मोजा.

१. पिल्लाला वेगळी खोली द्या. वन बीएचकेत बेडरूम द्या. बाल्कनी नको, पुण्यातली डिसेंबरची रात्र एवढ्याशा जिवाला सोसत नाही.

२. मोजा पिल्लाच्या गालांवरून हळूच फिरवा, कारण मांजरांच्या वासाच्या ग्रंथी तिथे असतात. तो मोठीच्या ताटलीपासून हातभर लांब ठेवा. तिच्या गालांवरून फिरवलेला दुसरा मोजा पिल्लाकडे. मोठी फिस्कारली तर मोजा आणखी लांब सरकवा, रागवू नका. ती मोज्याशेजारी निवांत जेवू लागेपर्यंत पुढे जायचं नाही. याला चार दिवस लागतील किंवा तीन आठवडे, आणि घाई इथेच नडते.

३. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण.

४. शेवटी दार बोटभर उघडा. पहिली भेट पाच मिनिटांची पुरे.

रस्त्यावरचं पिल्लू असेल तर मोज्यांची अदलाबदलही डॉक्टरांना दाखवल्यावर आणि मोठीचं लसीकरण पूर्ण असेल तरच सुरू करा. पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांच्या एका जीवघेण्या आजाराचा) विषाणू कपड्यांवरून, हातांवरूनही पसरतो.