सोळा माणसं, कासचं तळं आणि परतीची गाडी

मी एसटीत कंडक्टर आहे. माणसं मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळं दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास गल्लीतल्या मंडळींना साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर न्यायचं माझ्याच गळ्यात पडतं. गेल्या खेपेला सोळा जण होतो. सगळ्यांत धाकटी माझी नऊ वर्षांची पुतणी, सगळ्यांत थोरल्या शेजारच्या काकू, वय सत्तर आणि गुडघ्याला पट्टा.

आधी तारीख. फुलांचा भर ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर असतो, आणि तेव्हा सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटातच गाड्यांची रांग लागते. फुलंच बघायची असतील तर तेव्हा जा, पण सोळा माणसं घेऊन नको. मी ऑक्टोबरचा मधला आठवडा धरते, तोही आडवारी. गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, सोनकीची पिवळी फुलं कुठं कुठं तग धरून असतात, तळं काठोकाठ भरलेलं असतं. तिकीट किती, आधी नाव नोंदवावं लागतं का, पठारावरची राजमार्ग नावाची वाट उघडी आहे का, हे आठवडाभर आधी वनखात्याकडं विचारून घ्या. दरवर्षीचे नियम सारखे नसतात.

साताऱ्याहून पठार पंचवीसेक किलोमीटर. बामणोलीकडं जाणारी सकाळची पहिली गाडी धरायची. खिडकी कुणाला कुठली द्यायची हेही ठरवून ठेवा, नाहीतर पोरं भांडतात. घाट चढून गेलं की डाव्या हाताला उरमोडीचं पाणी आणि सज्जनगड, उजव्या हाताला कण्हेरचं धरण. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि निघायच्या आधी पोटभर खाऊ देऊ नका. चहा आणि दोन खारी पुष्कळ झाली.

पठारावर उतरलं की मी पहिल्यांदा मोजते. मग दोन माणसं नेमते. एक सगळ्यांच्या पुढं, एक सगळ्यांच्या मागं. मागच्याच्या अंगात लाल शर्ट, गळ्यात शिट्टी. त्याला ओलांडून कुणी मागं राहायचं नाही, मग फोटो काढायचा असो की चप्पल तुटो. हे मी शिकले ते नणंदेच्या मालकांमुळं. तीन वर्षांपूर्वी ते धुक्यात 'जरा एक फोटो' म्हणून बाजूला गेले. पठार सपाट, धुकं उतरलं की चारी दिशा सारख्याच, आणि मोबाईलला रेंज नाही. तासभर हाका मारून घसे बसले. शेवटी एका गुराख्याबरोबर राजमार्गावर दगडावर बसलेले सापडले, चेहरा असा की जणू आम्हीच हरवलो होतो. चूक त्यांची नव्हती. मागं माणूस नेमला नव्हता, ती माझी.

राजमार्ग म्हणजे महाबळेश्वरकडं जाणारी जुनी वाट. तिच्यावरून दोनेक किलोमीटर चाललं की कुमुदिनीचं तळं लागतं. पांढरी इवली फुलं, पाकळ्यांना बारीक लव, पानं पाण्यावर तरंगणारी. चाल सपाटीची आहे, पण पायाखाली जांभा खडक. त्याच्यावर मातीचा थर वीतभरसुद्धा नाही आणि ओलं शेवाळ साबणासारखं. स्लीपर घातलेल्या माणसाला मी गाडीतूनच उतरू देत नाही. वाट सोडून गवतात पाय टाकू नका. त्या पातळ मातीत पोषण इतकं कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदू या बारक्या वनस्पती किडे पकडून पोट भरतात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या त्यांत कास आहे. गालिचा समजून त्याच्यावर लोळणारे मी बघितलेत. मी ओरडते, मग वाईट झाले तरी चालेल.

चाल काकूंच्या चालीनं. अर्ध्या तासानं पाच मिनिटं थांबा, त्यातच पाणी, त्यातच मोजणी. अत्तर, सेंट लावून कुणी येऊ नये, आणि धूर तर करूच नये. कड्यांना आग्या मोहोळं असतात. गवा दिसला तर गप उभं राहून मागं सरका, त्याला जायला वाट द्या.

परत डांबरी रस्त्याला येऊन पुढं उतारानं कासच्या मोठ्या तळ्यावर. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर भरतं. जेवण इथंच. प्रत्येकानं आपापली भाकरी फडक्यात बांधून आणायची, कोरडा झुणका, शेंगदाण्याची चटणी, कांदा, काकडी. रस्सा नको, सांडतो. माणशी दोन लिटर पाणी, आणि चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू-साखरेचं पाणी वेगळ्या बाटलीत. कंदी पेढे माझ्याकडून असतात.

जेवण झालं की हात धुवायला सगळे तळ्याकडं पळतात. तिथं मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहते. हे पाणी साताऱ्याच्या नळाला येतं. "काकू, आज पाय बुचकळले की उद्या तुमच्याच हंड्यात," असं सांगितलं की काकूसुद्धा पदर सावरून मागं फिरतात. हात धुवायचे ते बाटलीतल्या पाण्यानं, काठापासून लांब. पोहायचं नाव काढायचं नाही. खरकटं आणि कागद एका गोणीत भरायचं, गोणी पोरांनी आळीपाळीनं उचलायची.

दोनच्या पुढं पठारावर रेंगाळू नका. परतीचा पाऊस सकाळी दिसत नाही. दुपारी ढग चढतात आणि विजा सुरू होतात, आणि त्या मोकळ्या सपाटीवर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे आपणच. गडगडलं की छत्र्या मिटा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, रस्त्याकडं निघा, गाडीत किंवा पक्क्या छताखाली बसा.

परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी स्टँडवर विचारून कागदावर लिहून घ्या, आणि त्याच्या अर्धा तास आधी रस्त्याला येऊन उभे राहा. गेल्या वर्षी गाडीत चढताना मोजले तर सतरा भरले. पुन्हा मोजले, पुन्हा सतरा. कास गावची एक आजी आमच्यातच मिसळून चढली होती, पुतणीच्या शेजारी बसून आमचाच पेढा खात होती.