नवजात बाळाच्या डोळ्यांत मलम घालू द्यावे का : निर्णय कसा घ्यावा

बाळ जन्मल्यावर पहिल्या काही तासांत त्याच्या दोन्ही डोळ्यांत प्रतिजैविकाचे मलम किंवा थेंब घालण्याची पद्धत काही रुग्णालयांत सरसकट असते, तर काही ठिकाणी डॉक्टरांना गरज वाटली तरच ते घातले जाते. पुण्यात पेठेतल्या एखाद्या प्रसूतिगृहाची रीत एक आणि कोथरूड किंवा हडपसरच्या रुग्णालयाची दुसरी असू शकते. म्हणून हा प्रश्न प्रसूतीच्या खोलीत पहिल्यांदा ऐकण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका. माझ्या भाचीवर ती आली होती. कळांनी थकलेल्या मुलीपुढे संमतिपत्रांचा गठ्ठा ठेवला गेला, त्यात डोळ्यांच्या औषधाचीही एक ओळ होती, आणि ते औषध कशासाठी आहे हे सांगायला तिथे कोणालाच सवड नव्हती. तिने सही केली आणि बाळाला काही त्रासही झाला नाही, परंतु तो निर्णय तिने घेतला असे म्हणता येणार नाही. आठव्या महिन्यातल्या तपासणीला जाल तेव्हाच डॉक्टरांना विचारा : तुमच्याकडे बाळाच्या डोळ्यांत औषध घालतात का, घालत असल्यास त्याचे नाव काय, आणि ते सर्व बाळांना घालतात की काही ठरावीक बाळांनाच?

हे औषध एका विशिष्ट धोक्यासाठी आहे, हे आधी नीट समजून घ्यावे. आईच्या जननमार्गात गोनोरिया, म्हणजे ज्याला आपल्याकडे परमा म्हणतात, त्या रोगाचे किंवा क्लॅमिडिया या दुसऱ्या लैंगिक संसर्गाचे जंतू असतील, तर योनिमार्गातून बाहेर येताना ते बाळाच्या डोळ्यांत शिरू शकतात. परम्याची लागण असलेल्या आईवर उपचार झालेले नसतील आणि बाळाच्या डोळ्यांत औषधही घातले नसेल, तर शंभरातील सुमारे तीस ते पन्नास बाळांना तो संसर्ग होतो. हे जंतू डोळ्याच्या काळ्या भागावरील पारदर्शक पडद्यावर झपाट्याने हल्ला करतात. उपचार न मिळाल्यास त्या पडद्याला जखम होऊन भोक पडू शकते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. लाइपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे या डॉक्टरांनी 1880 मध्ये नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली, तेव्हा तिथे शंभरातील सुमारे दहा बाळांना होणारा हा आजार शंभरात एकाहूनही कमी झाला. आज वापरले जाणारे एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिनचे मलम त्याच परंपरेतले असले, तरी सिल्व्हर नायट्रेटने डोळ्यांची जेवढी आग होत असे तेवढी याने होत नाही.

मग वाद कशाचा आहे? जागतिक आरोग्य संघटना सर्व नवजात बाळांना हे औषध घालण्याची शिफारस करते आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत तर ते कायद्यानेच बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये मात्र ते सरसकट घालत नाहीत. कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये सरसकट वापर थांबवावा असे सुचवले. परम्याच्या जंतूंमध्ये औषधांना न जुमानण्याची ताकद वाढली आहे, क्लॅमिडियापासून या मलमाने खात्रीचे संरक्षण मिळत नाही, आणि गर्भवतीची तपासणी करून तिच्यावर वेळेत उपचार करणे हा त्याहून पक्का मार्ग आहे, अशी त्यांची कारणे होती. दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटते की खरा मुद्दा मलमाच्या अलीकडचा आहे : आईची तपासणी झाली आहे की नाही?

येथे एक गैरसमज फार घट्ट बसलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. आपल्याकडे गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या नेहमी होतात. फाइलमध्ये या तिन्हींपुढे निगेटिव्ह असे लिहिलेले पाहून आपली सगळी तपासणी झाली, असे बहुतेक कुटुंबांना वाटते. परंतु या रक्ततपासण्यांवरून परमा किंवा क्लॅमिडिया यांबद्दल काहीच कळत नाही. त्यांच्यासाठी लघवीचा किंवा योनीतील स्वॅबचा नमुना घेऊन वेगळी चाचणी करावी लागते. तिला नॅट म्हणतात आणि ती बहुधा कोणी आपण होऊन लिहून देत नाही, ती मागावी लागते. पुण्यात मोठ्या खासगी प्रयोगशाळांत तिची चौकशी करावी. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक या नावाने मोफत सेवा दिली जाते, तेथेही विचारता येते. चाचणीत दोष आढळला तर पती-पत्नी दोघांनीही उपचार घ्यायला हवेत, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून त्याला पुन्हा लागण होते. क्लॅमिडियावरील उपचारानंतर गर्भवतीची चाचणी सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा करतात, म्हणून ही चौकशी नवव्या महिन्याच्या शेवटावर टाकू नये.

या चाचणीचे नाव काढणे अनेकींना जड जाते, याची मला जाणीव आहे. तपासणीच्या खोलीत सासूबाई किंवा आई शेजारी बसलेली असते आणि असा प्रश्न विचारला तर आपल्यावर किंवा नवऱ्यावर संशय घेतला जाईल, अशी भीती वाटते. पण हे दोन्ही संसर्ग स्त्रियांमध्ये बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता राहतात आणि पुष्कळदा लग्नाआधीपासूनचे असू शकतात, त्यामुळे चाचणी मागणे म्हणजे कोणावर आरोप करणे नव्हे. डॉक्टरांना एकटीने बोलायचे आहे असे नर्सला आधीच सांगून ठेवावे. ती विनंती रास्त आहे, आणि चांगले डॉक्टर ती मान्य करतात.

आता प्रत्यक्ष निर्णयाकडे येऊ. तुमची चाचणी झालेली नसेल आणि रुग्णालय मलम देऊ करत असेल, तर ते स्वीकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची हानी किरकोळ असते, म्हणजे काही वेळ अंधुक दिसते आणि क्वचित डोळे थोडे लाल होतात किंवा सुजतात. उलट ज्या आजारापासून ते वाचवते, तो एका दिवसात डोळा घालवू शकतो. तुमची आणि पतीची चाचणी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत निगेटिव्ह आलेली असेल आणि त्यानंतर लागण होण्यासारखे काही घडलेले नसेल, तर मलम नाकारणे समंजसपणाला सोडून होणार नाही. मात्र तसे करायचे असेल तर बालरोगतज्ज्ञांशी आधी बोलून फाइलमध्ये तशी नोंद करून घ्यावी. सिझेरियन होणार असेल तर धोका बराच कमी असतो, विशेषतः पाणमोट फुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर, परंतु पाणमोट फुटून बराच वेळ गेला असल्यास जंतू वर सरकू शकतात, म्हणून केवळ सिझेरियन झाले या कारणावर विसंबू नये. आणि आईला लागण असल्याचे निदान झाले असून उपचार अपुरे राहिले असतील, तर नुसत्या मलमावर भागत नाही. अशा बाळाला परम्यासाठी इंजेक्शन द्यावे लागते आणि ते डॉक्टरांनी ठरवायचे असते.

मलम स्वीकारले तर एवढे सांगा की बाळ आधी आईच्या छातीशी राहू द्या, पहिले स्तनपान होऊ द्या आणि तासाभराने मलम घाला. तेवढ्या उशिराने संरक्षण कमी होत नाही. दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीच्या आत मलमाची साधारण एक सेंटिमीटर लांबीची रेघ घालतात. ते लगेच धुऊन टाकायचे नसते, केवळ पापणीबाहेर आलेले पुसायचे असते.

तुमच्या रुग्णालयात मलम देतच नसतील तर घाबरून जाऊन औषधाच्या दुकानातून स्वतः थेंब आणू नका. डोळ्यांच्या कित्येक औषधांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइडही मिसळलेले असते आणि नवजात बाळाच्या डोळ्याला ते घातक ठरू शकते.

मलम घाला किंवा घालू नका, पहिले दोन-तीन आठवडे बाळाच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवणे कोणालाच चुकत नाही. परम्याचा संसर्ग साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतो, म्हणजे नेमका रुग्णालयातून घरी सोडले जाते त्या सुमारास. क्लॅमिडियाचा संसर्ग पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो, म्हणजे घरात बारशाची तयारी चालू असताना. पापण्या सुजून डोळा उघडत नसेल, डोळ्यातून पिवळा-हिरवा पू सतत वाहत असेल किंवा डोळ्याचा पांढरा भाग लालभडक झाला असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. रात्र असली तरी नवजात बाळांवर उपचार होतात अशा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. याउलट डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ असून कोपऱ्यात थोडी चिपडे आणि पाणी एवढेच असेल, तर बहुधा अश्रूंची नळी पुरती उघडलेली नसते. ती बहुतेक बाळांत वर्षभरात आपोआप मोकळी होते. तरीही पहिल्या महिन्यात आलेली चिपडे एकदा डॉक्टरांना दाखवावीत. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावे आणि प्रत्येक डोळ्यासाठी कापूस वेगळा घ्यावा.

घरातील वडीलधाऱ्यांचे उपाय प्रेमापोटीच असतात, पण काजळ, मध, तूप किंवा गुलाबपाणी यांपैकी काहीही बाळाच्या डोळ्यांत घालू नये, काही काजळांत तर शिसे सापडलेले आहे. अंगावरचे दूध डोळ्यांत घालण्याचा सल्लाही मिळेल, पण पू येत असताना त्यावर वेळ घालवणे धोक्याचे आहे. शेक-शेगडीची धुरी दिल्यावर डोळे चुरचुरून लाल झाले, तर ती लाली धुराची की संसर्गाची हे ओळखणे कठीण होते, म्हणून निदान या दिवसांत तरी धूर टाळावा. काजळाची तीट कपाळावर लावली तर आजीचेही समाधान होते आणि डोळाही सुरक्षित राहतो.

बाळाला यांपैकी एखादा संसर्ग झाल्याचे निदान झालेच, तर डॉक्टरांना डोळ्यातील पू तपासायला पाठवण्यास सांगा, कारण परमा आणि क्लॅमिडिया यांचे उपचार वेगळे असतात आणि क्लॅमिडियाला तोंडावाटे औषध द्यावे लागते, नुसते थेंब पुरत नाहीत. त्यातच काही बाळांना पुढे न्यूमोनियाही होतो, म्हणून नंतर दोन-तीन महिन्यांत खोकला किंवा धाप दिसली, तर हे निदान त्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि बाळंतीण माहेरी व बाळाचे वडील आपल्या घरी असले, तरी दोघांचीही तपासणी आणि औषधे एकाच वेळी सुरू व्हायला हवीत.