तिसरीच्या वर्गात फ्लिप्ड क्लासरूम: हातच्याच्या वजाबाकीपासून सुरुवात

फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे शिकवणं घरी, सराव शाळेत. 2007 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, वुडलँड पार्कच्या हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक गैरहजर मुलांसाठी आपले तास रेकॉर्ड करू लागले आणि पुढे ही पद्धत नावारूपाला आली. पण ती मुलं मोठी होती. आठ वर्षांचं पोर एकटं बसून व्हिडिओ बघेल आणि वहीत टिपून घेईल, अशी आशा कुणी धरू नये. त्यामुळे पहिली ते चौथीत व्हिडिओ अगदी छोटा ठेवायचा आणि वाचलेला सगळा वेळ वर्गातल्या कामाला द्यायचा.

घटक एकच निवडा. तिसरीसाठी हातच्याची वजाबाकी उत्तम, कारण ती हाताने करून दाखवता येते. कविता आणि गोष्टी मात्र बाईंच्या तोंडूनच ऐकायच्या असतात, त्या मोबाईलवर ढकलू नका.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा करा. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर मोबाईल असा ठेवा की कॅमेरा कडेबाहेर येऊन खाली टेबलाकडे बघेल. पंखा बंद करा, नाहीतर घरघरीत तुमचा आवाज हरवतो. चेहरा दिसला नाही तरी चालेल, हात दिसले पाहिजेत. बेचाळीसमधून सोळा काढायचे आहेत. दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडा. दोनातून सहा जात नाहीत, म्हणून एका जुडीचं रबर काढा आणि त्या दहा काड्या सुट्यांत मिसळा. ‘आता सुट्या किती झाल्या? जुड्या किती उरल्या?’ एवढं विचारून व्हिडिओ संपवा. उत्तर सांगायचं नाही, ते नंतर वर्गात.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर स्कॅन करून तयार व्हिडिओही मिळतात. पाठवण्याआधी स्वतः शेवटपर्यंत बघा. तरी माझं मत विचाराल तर लहान मुलं ओळखीच्या आवाजाला जास्त धरून राहतात.

व्हिडिओ बघायलाही शिकवावं लागतं. आधी काही दिवस वर्गातच सगळ्यांना मिळून दाखवा. मध्येच थांबवा, प्रश्न विचारा, मागे नेऊन पुन्हा लावा. मग घरी पाठवा.

घरची सोय बघा. फोन बहुधा बाबांच्या खिशात असतो आणि बाबा रात्री येतात. म्हणून दोन दिवसांची मुदत द्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच लिहा: ‘शेजारी बसा. शिकवू नका. शेवटचा प्रश्न मुलाला सोडवू द्या.’ ज्यांना जमलं नाही त्यांना परिपाठाआधी शाळेच्या टॅबवर दाखवा. ‘कुणी बघितला नाही?’ असं भर वर्गात विचारू नका. दोष पोराचा नसतो, मान मात्र त्याची खाली जाते.

आता खरं काम: वर्गातला तास. सुरुवातीला पाटीवर एकच उदाहरण द्या: 53 − 27. बरोबर उत्तर 26. ज्यांचं 34 आलं त्यांनी सातातून तीन काढले, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करण्याची सवय. ज्यांचं 36 आलं त्यांनी दशक सुटा केला, पण पाचाचे चार करायला विसरले. इथे आकडे जपून निवडा. 52 − 27 दिलंत तर दोन्ही चुकांचं उत्तर 35 येतं आणि कोण कुठे अडलं ते कळत नाही.

34 वाल्यांना काड्या घेऊन तुमच्या जवळ बसवा. तासाचा मोठा भाग त्यांचा. 36 वाल्यांची एकेक जोडी करा: एकाने जुडी सोडायची, दुसऱ्याने लगेच दशकाच्या घरातला आकडा खोडून नवा लिहायचा. 26 वाल्यांना दुकानातली उदाहरणं तयार करून एकमेकांना घालू द्या. गोंगाट होईल, होऊ द्या.

द्विशिक्षकी शाळेत, जिथे दोन इयत्ता एका खोलीत बसतात, तिथे घरचा भाग वगळला तरी चालतो. तिसरीचा गट कोपऱ्यात टॅबवर व्हिडिओ बघतो तेव्हा तुम्ही चौथीला घ्या, मग अदलाबदल करा. सुरुवातीला आठवड्याला एकच व्हिडिओ पुरे. लागोपाठ दोनदा निम्म्या मुलांनी घरी बघितलेला नसेल, तर घरी पाठवणं थांबवून तुम्हीही हाच कोपरा वापरा.