बॉक्सिंग शिकताय? आधी पाय चालवायला शिका

पहिल्या दिवशी मी नवे ग्लोव्ह्ज घेऊन गेलो होतो. सरांनी ते बाजूला ठेवायला लावले आणि हातात खडू दिला. 'रेघ मार आणि तिच्यावर उभा राहा.' पंधरा दिवस तेवढंच. तेव्हा वैताग आला होता, आता नव्या मुलांच्या हातात मीही खडूच देतो.

पवित्रा

फरशीवर समोरच्या दिशेने सरळ रेघ आखा. उजवा हात जोराचा असेल तर डावा पाय पुढे. डावखुऱ्यांनी सगळं उलट करावं. पुढच्या पायाचा अंगठा आणि मागच्या पायाची टाच रेघेला टेकेल असं उभं राहा. पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवा. दोन्ही पावलं किंचित उजवीकडे वळलेली, गुडघे सैल, वजन दोन्हीकडे जवळपास सारखं. मागची टाच जराशी उचललेली हवी: खालून बँकेचं पासबुक सहज सरकलं पाहिजे.

सरकणं

नियम एकच. ज्या दिशेला जायचं, त्या बाजूचा पाय आधी. पुढे जाताना डावा सरकतो, मागोमाग उजवा तेवढाच. मागे येताना उजवा आधी. डावीकडे जाताना डावा, उजवीकडे उजवा. पाऊल वीतभर, त्याहून मोठं नको.

ऐकायला सोपं आहे, पण चूक हमखास 'तेवढाच' या शब्दात होते. डावा पाय वीतभर जातो, उजवा दीड वीत येतो. चार पावलांत दोन्ही पाय चिकटतात आणि मग हलका ठोसाही खाली बसवतो. पायांची कात्री झाली तर त्याहून वाईट. म्हणून दर चार पावलांनी थांबा, खाली बघा, अंतर तपासा. उड्या मारू नका. पाय हवेत असताना ना ठोसा मारता येतो, ना चुकवता.

वळणं

कर्कटक आठवा. पुढच्या पायाचा चवडा म्हणजे त्याचं टोक, ते जागेवरच फिरतं. मागचा पाय पाठीमागून डावीकडे न्या. तोंड आपोआप उजवीकडे वळेल. पाव वर्तुळ पुरे. समोरचा सरळ चालून आला की तुम्ही त्याच्या बाजूला असता. व्हासिल लोमाचेंकोची लढत पाहिलीत तर हे वळणं किती घातक ठरतं ते दिसेल. वडिलांनी त्याला लहानपणी बॉक्सिंग थांबवून नाच शिकायला पाठवलं होतं. पुढे त्याने 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली.

सराव

तीन मिनिटं सराव, एक मिनिट विश्रांती, असे तीन राउंड. मोबाइलवर गजर लावा. पहिल्या राउंडमध्ये फक्त पुढे-मागे, दुसऱ्यात आजूबाजूला, तिसऱ्यात सगळं मिसळून. हात पूर्णवेळ गालाशी. पळण्याचे जाड तळव्यांचे बूट नकोत, त्यात पाय मुरगळतो. गुळगुळीत फरशीवर मोजे तर मुळीच नकोत. पोटऱ्या दुखतील, दोन-तीन दिवस जिना उतरताना कळेलच. दोरीवरच्या उड्या रोज पाचेक मिनिटं केल्यात तर लवकर सवय होते.

जमायला लागलं की पुढच्या पावलासोबत डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटकन मारलेला सरळ ठोसा, जोडा. पाऊल टेकणं आणि हात पोचणं एकाच क्षणी व्हायला हवं. तसं होत नसेल तर हात खाली घ्या, पुन्हा रेघेवर या.