वीस पॅनलची स्ट्रिंग आणि जानेवारीची पहाट

डिप्लोमा किंवा बीई करून सोलरमध्ये येणाऱ्याला सिरीज-पॅरलल शिकवायला नको. पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश, आपल्याकडे किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास, हेही लवकरच तोंडपाठ होतं. घात करतं ते तापमान, म्हणून तेवढंच सविस्तर सांगते.

समजा ५४० वॅटचं पॅनल आहे. डेटाशीटवर व्हीओसी (ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे पॅनलवर काहीच भार नसतानाचं व्होल्टेज) ४९.५ व्होल्ट, डीसीचं एसी करणाऱ्या इन्व्हर्टरची कमाल डीसी मर्यादा १००० व्होल्ट. एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेल्या वीस पॅनलच्या स्ट्रिंगचे ९९० होतात, म्हणजे बसलं असं वाटतं. बसत नाही. डेटाशीटवरचा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेला असतो आणि सेल थंड झाला की व्होल्टेज वाढतं. तापमान गुणांक उणे ०.२७ टक्के प्रति अंश असेल, तर ५ अंशांना एका पॅनलचे ५२.१७ व्होल्ट होतात. वीसचे १०४३! एकोणीस घेतले तर ९९१, जेमतेम आत. निफाडसारख्या ठिकाणी किमान तापमान शून्य धरा. तिथे एकोणीसही १००४ वर जातात, म्हणून अठराच.

‘पहाटे ऊन कुठे असतं?’ हा प्रश्न हमखास येतो. व्होल्टेजला कडक ऊन लागत नाही. कोवळ्या उन्हातही ते जवळपास पूर्ण चढतं. त्यात वीज गेली की ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेला इन्व्हर्टर थांबतो आणि स्ट्रिंग ओपन सर्किटला जाते. थंडगार सकाळ, स्वच्छ ऊन आणि गेलेली वीज हे तिन्ही आपल्याकडे अगदी सहज जुळून येतं. इनपुटचे भाग जळतात. शिवाय बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये कमाल व्होल्टेजची नोंद राहते, त्यामुळे वॉरंटीही मिळत नाही.

उन्हाळ्यात उलटं होतं. अकोल्याच्या मे महिन्यात सेल ७० अंशांवर जातो. ४१.६ चं व्हीएमपी (पॅनल सर्वाधिक वीज देत असतानाचं व्होल्टेज) अंशामागे ०.३५ टक्के घट धरून मोजलं तर ३५ व्होल्टवर येतं. सहा पॅनलच्या छोट्या स्ट्रिंगचे २१० होतात. इन्व्हर्टरची एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारी यंत्रणा) २२० व्होल्टपासून सुरू होत असेल, तर भर दुपारी उत्पादन पडतं आणि सगळे जण धुळीला दोष देत बसतात.

हे सगळं गुणाकार-टक्केवारीचं गणित आहे. सुरुवातीला वेळ लागला तर घाबरू नका, चार साइट झाल्या की हात बसतो. पण ते कागदावर करा. सॉफ्टवेअरमध्ये किमान तापमान तुम्हालाच भरायचं असतं. दुसऱ्या शहराची जुनी फाइल कॉपी केली की चुकीचा आकडा सुबक रिपोर्टमध्ये छापून येतो. तयार एक्सेल शीट देणाऱ्या सीनियरपेक्षा मल्टीमीटर हातात देऊन छतावर पाठवणारा शंभर पटींनी बरा.

छतावर गेल्यावर इन्व्हर्टरला जोडण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगचं व्हीओसी आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस) मोजा. एकसारख्या स्ट्रिंगमध्ये ५० व्होल्टचा फरक दिसला, तर एक पॅनल सुटलंय. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसी-फोर कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण पुढे तापून वितळतात. इन्व्हर्टर चालू असताना डीसी कनेक्टर कधीही ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

पवनऊर्जेबद्दल थोडक्यात. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनावर चालते. दोन मीटर व्यासाच्या पात्यांवर ४ मीटर प्रति सेकंद वारा आला तर त्यात जेमतेम १२० वॅट असतात. छोटं यंत्र त्यातले ३० काढतं. वेग ८ झाला की आठपट. म्हणून पवनचक्क्या सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलला उभ्या आहेत. गच्चीवर टाकी, जिन्याची खोली, शेजारच्या इमारती यांनी वारा फाटतो. शहरातला ग्राहक सोलरसोबत पवनचक्कीही मागत असेल, तर आधी हा ३० वॅटचा हिशेब त्याच्यासमोर मांडा आणि तेच पैसे आणखी दोन पॅनलवर घालायला सांगा.