जुनी गाडी देऊन नवी घेताय? शोरूमला जाण्याआधी एवढं करा

मागच्या वेळी माझी गाडी धुतलेली होती, कागद फायलीत लावलेले होते, तरी मी नुकसानीत गेले. कारण एकच: जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या सौद्यापासून वेगळा ठेवून लिहून घेतला नाही. बाकीचंही सांगते, पण हे पुन्हा पुन्हा येणार.

धुणं-पुसणं, डिकी रिकामी करणं, हे सांगायला नको. आत ओलसर किंवा सिगारेटचा वास असेल तर मात्र आठवडाभर आधीपासून मागे लागा, एका दिवसात तो जात नाही. बंद दिवा, झिजलेले वायपर बदला. मोठी डागडुजी करू नका. तेच काम डीलरला स्वस्तात पडतं, तुमचा खर्च भावात भरून येत नाही. रंग तर अजिबात मारू नका. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. लांबी (पुटी) भरून रंगवलेल्या भागावर रंगाची जाडी मोजणारं मीटर कितीतरी जास्त आकडा दाखवतं, आणि मग किरकोळ ओरखड्यालाही अपघात समजून भाव पाडतात. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा स्कॅनर लावून पुसून नेऊ नका. बिघाडाचे कोड नुकतेच पुसलेत हे त्यांच्या स्कॅनरवर कळतं आणि विश्वास जातो.

टायर स्वतः बघून जा. कडेवर चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. कितव्या वर्षाचे टायर आहेत हे आपल्याला माहीत असलं की 'टायर जुने झालेत' म्हणत कापलेले पैसे परत मागता येतात. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा. दुसरी किल्ली शोधा, आजच.

मग भाव. निदान तीन ठिकाणी गाडी दाखवा, एकाच आठवड्यात, आणि आकडा किती दिवस टिकेल ते लिहून घ्या. ऑनलाइन मिळतो तो अंदाज, गाडी पाहिल्यावर तो उतरतो. जाहिरातीतल्या किमतीही धरून बसू नका. ती विकणाऱ्याची मागणी असते, आणि डीलरला त्यातून दुरुस्ती, जागा आणि नफा काढायचा असतो. त्याचा भाव कमी असणारच. किती कमी, ते तीन कागद समोर ठेवल्यावर दिसतं.

आता मुख्य गोष्ट. आत गेल्यावर पहिला प्रश्न असा: 'ही गाडी विकायची आहे, किती द्याल?' नवी कोणती हवी, हे विचारलं तरी सांगू नका. आधी जुनीचा आकडा, कागदावर. माझ्याशी ते फक्त 'वरचे किती भरायचे' एवढंच बोलत राहिले. जुनीला अपेक्षेपेक्षा जास्त मिळतायत म्हणून मी खुशीत सही केली. नव्या गाडीवर सगळ्यांना मिळणारी सूट माझ्या बिलात नव्हती, हे घरी आल्यावर दिसलं. एका हाताने वाढवलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं होतं. वर कंपनीचा एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी देऊन नवी घेतल्याबद्दल कंपनी वेगळी देते ती रक्कम, तीही त्यांनी माझ्या गाडीच्या भावातच मोजली होती.

म्हणून तीन ओळी वेगळ्या लिहून घ्या: जुनीची किंमत, सूट वजा करून नवीची किंमत, बोनस. तिन्ही मांडून 'वरचे' जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर उठा. 'आजच ठरवलं तर' म्हणाले तरी उठा, जुनीचा भाव वेगळा लिहून देत नसतील तरी उठा. आणि हप्त्यावर बोलणं नेलं तर थांबवा. मुदत वाढवली की कुठलाही आकडा हप्त्यात लपतो.

जुन्या गाडीवर कर्ज असेल तर आजची नेमकी बाकी बँकेकडून लेखी आणा. बाकी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असेल आणि ते 'नव्या कर्जात घालू' म्हणाले, तर सौदा पुढे ढकला.

ताबा देण्याच्या दिवशी पुन्हा तपासून भाव कापतात, तेव्हा ठरवतानाच किलोमीटर, गाडीची अवस्था आणि तारीख त्या कागदावर टाकून घ्या. गाडीतून फोनचे नंबर आणि घरचा पत्ता पुसा, टोलचा टॅग काढा. नाव कधी बदलणार, ते लेखी. विम्याचं कंपनीशी बोलून घ्या. आणि जुनीचा वेगळा आकडा लिहिलेला सही-शिक्क्याचा कागद हातात येईपर्यंत दुसरी किल्ली देऊ नका.