शिडाची बोट भाड्याने घेताना या चुका टाळा

सोयाबीन निघून हाती चार पैसे आले, की दिवाळीनंतर गावातली दोन-तीन घरं मिळून मुंबई नाहीतर गोवा गाठतात. आता त्यात शिडाच्या बोटीची हौसही आली आहे. फोन लावला की पहिला प्रश्न असतो, "तासाचे किती?" घोटाळा इथेच होतो. ट्रॅक्टर सांगताना आपण आधी विचारतो, ड्रायव्हर कोणाचा, डिझेल कोणाचं. बोटीचंही तसंच आहे. सुकाणू कोण धरणार हे आधी ठरवा, दर मागाहून.

माणशी दर आणि अख्खी बोट यांची गल्लत

माणशी तिकीट म्हणजे काळी-पिवळीतली सीट. वेळ बोटवाल्यांची, वाट त्यांची, शेजारी अनोळखी. अख्खी बोट म्हणजे स्पेशल गाडी. खलाशी त्यांचाच, पण मंडळी फक्त तुमची. समजा, सहा जणांच्या बोटीचे ६,००० रुपये ठरले आणि ऐनवेळी दोघं गळाली, तर माणशी हजाराचे पंधराशे होतात. पाच-सहा जण पक्के असतील तरच अख्खी बोट घ्या. लहान लेकरं मोजणीत धरतात का, आणि दोन तास धक्क्यापासून मोजायचे की शीड उभारल्यापासून, हे मेसेजवर लिहून मागा. लेकरांची संख्या लपवू नका. बोटीची क्षमता डोक्यांवर ठरलेली असते.

सकाळची बोट सांगणं

आपल्याकडचे लोक ही चूक हमखास करतात. विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला लागते, गेटवे तिथून जवळ, म्हणून नऊची बोट सांगून ठेवतात. गाडी लेट झाली तर पैसे बुडाले. वेळेवर आली तरी सकाळी वारा बहुतेक मंदच असतो. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबतं आणि बोट इंजिनावर फिरवून आणतात. जमीन तापली की दुपारनंतर समुद्रावरून, वायव्येकडून वारा सुटतो. म्हणून साडेतीन-चारची वेळ घ्या. हंगाम ऑक्टोबर ते मे. पोळ्याच्या सुट्टीत हा बेत नकोच, तेव्हा पावसाळी समुद्र खवळलेला असतो.

भरती न पाहणं

खिंडसीच्या तलावात बोटिंग केलं, धरणात पोहलो, म्हणून समुद्राचा अंदाज येत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या वर फरक पडतो. सकाळी कोरड्या पायरीवरून चढलेला माणूस संध्याकाळी खालच्या शेवाळलेल्या पायरीवर उतरतो. तिथे गुळगुळीत चपलेचा पाय सरकतो आणि हाताला धरायला ओला दोर असतो. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला.

भरतीची वेळ घरच्या कॅलेंडरवरून काढता येते. पक्ष कोणताही असो, तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे चारची बोट परतते तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं. म्हातारी माणसं सोबत असतील तर चतुर्थी-पंचमीच्या आसपासचा दिवस धरा. हा अंदाज आहे, पक्की वेळ बोटवाल्याकडून घ्या.

लाइफ जॅकेट पट्टीचा पोहणाराही घालतो. पट्टे आवळल्यावर दोन्ही खांद्यांवर धरून ते वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, लगेच बदलून मागा. लेकरांना मोठ्यांचं जॅकेट घालून चालत नाही. पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं.

बोटीची जात न विचारणं

छोटी डिंगी वाऱ्यात उलटू शकते. ती शिकणाऱ्यांसाठी, कुटुंबासाठी नाही. कीलबोटीच्या तळाला शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं. ती १५-२० अंश कलते, तेव्हा बाया-पोरं घाबरून खालच्या बाजूला घट्ट धरून बसतात. कलणं म्हणजे बुडणं नव्हे. वरच्या बाजूला जाऊन बसा. कॅटामरान म्हणजे जोडबोट, तिला शेजारी-शेजारी दोन सांगाडे असल्यामुळे ती फार कमी कलते, पण भाडं जास्त. कोणतीही घ्या, शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, वळताना एका बाजूवरून दुसरीकडे झपकन येते. खलाशाने आवाज दिला की आधी डोकं खाली, फोटो नंतर.

परदेशात 'नुसती बोट' घेणं

नोकरदार मुलं चार मित्र मिळून ग्रीस-क्रोएशियात बोट ठरवतात आणि स्वस्त म्हणून बेअरबोट निवडतात. बेअरबोट म्हणजे बोट तुमच्या ताब्यात, खलाशी नाही. ग्रीसमध्ये त्यासाठी मान्य प्रमाणपत्र लागतं, शिवाय अनुभवी दुसरा माणूस. क्रोएशियात रेडिओचं प्रमाणपत्रही लागतं. बुकिंग बहुधा शनिवार ते शनिवार असतं. कागद नसतील तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, घ्यावा लागतो, आणि त्याच्या रोजाबरोबर जेवण आणि झोपायची जागा तुमच्याकडेच. आठ जणांच्या बोटीवर आठ जण बुक केले तर तो झोपणार कुठे? सातच जण न्या.

बोटीपोटी भरलेली अनामत रक्कम बोटीचा ताबा घेता-देताना अडकते. बोट ताब्यात घेताना घाई करू नका, तास-दीड तास लागू द्या. पुढून मागे एकच सलग व्हिडिओ काढा. आधीचे ओरखडे, शिडाची शिवण, विंचचं, म्हणजे दोर आवळायच्या चरखीचं, हँडल, नांगराची साखळी शेवटपर्यंत सोडून, पाणी उपसायचा पंप चालवून, इंजिनाचे तास आणि डिझेलचा काटा, सगळं त्यात यायला हवं. जे तुटकं दिसेल ते यादीवर लिहून त्यांची सही घ्या. परत करताना तोच व्हिडिओ त्याच क्रमाने काढा आणि सही केलेली यादी अनामत खात्यावर परत जमा होईपर्यंत जपून ठेवा.